सलग बोलणारी लेक

जिथे काहीच पिकत नाही अशी जागा मुद्दाम शोधून ते केंद्र बांधलं होतं. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्वालामुखीतून कधीकाळी ओतलेल्या काळ्या दगडांत. दगडांवर बोटभर शेवाळ, पलीकडे करडा समुद्र, आणि वारा तर असा की उभ्या माणसाला विचारून विचारून हलवतो. नजर फिरवावी तिकडे दाणा नाही, कणीस नाही. आत मात्र साऱ्या पृथ्वीच्या पिकांवाचून दुसरा विषय नाही. कुणाच्या रानात काय येणार आणि ते कुठल्या देशाच्या बंदरात कुठल्या भावाने उतरणार, हे ज्यांना आधी कळतं त्यांच्या आसपास कुणाचं रानच नको, एवढ्यासाठी ही ओसाडी निवडलेली. नाव जागतिक पीक-अंदाज केंद्र. आतली माणसं नुसतं केंद्र म्हणत.

प्रांजल हेंबाडे तिथे पहिल्यांदा उतरली तेव्हा खालची काळी माती बघून तिचा ऊर भरून आला होता. मंगळवेढ्याकडचं आपलं रानच इथे अंथरलंय, असं वाटलं. वाकून तिने मूठ भरून घेतली. तिला ओल नव्हती, वास नव्हता. राख होती नुसती.

केंद्राचं काम समजायला अवघड नव्हतं. पान ऊन खातं, पण खाल्लेलं सगळं त्याला पचत नाही. त्यातला अगदी थोडा हिस्सा ते परत टाकतं, मंद तांबूस उजेड होऊन. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. दिवसाढवळ्या सारी शिवारं अशी धुमसत असतात आणि आपण त्यांच्या बांधावरून चालत जातो. उपग्रहांना मात्र तो दिसतो. तहानलेल्या पानाचा उजेड वेगळा, तृप्त पानाचा वेगळा. हरभऱ्याचा वेगळा, ज्वारीचा वेगळा. त्यावरून कुठे काय उभं आहे आणि किती उतरेल, हे कापणीच्या कितीतरी आधी सांगता येऊ लागलं.

पण व्यापाऱ्यांना आणि सरकारांना पेरणीच्याही आधी हवं होतं, आणि तिथे जुने अंदाज आपटत. कारण अंदाज जाहीर झाला की लोक तो ऐकून वागतात, आणि लोक वागले की अंदाज खोटा ठरतो. यंदा तूर कमी येणार असं म्हणा, जो तो तूर पेरतो, आणि तुरीचे डोंगर लागतात. म्हणून केंद्राच्या नव्या यंत्रानं पिकांबरोबर माणसंही मोजायला घेतली. आपलं बोलणं कोण ऐकेल, कोण अर्धंमुर्धं ऐकेल, आणि कोण ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही. या शेवटच्यांना केंद्रात 'अढळ' म्हणत. त्यांना वगळून चालत नसे. रिकाम्या नावेच्या तळाशी दगड भरतात ना, तसे ते होते. सगळी नाव एकीकडे झुकली तरी हे जागचे हलत नसत, म्हणून अंदाज बुडत नसे.

दख्खनच्या रब्बी पट्ट्यातले अढळ ओळखणं हे प्रांजलचं काम. तिला ते चांगलं जमे. लहानपणापासून तिने एक अढळ घरातच पाहिली होती.

तिची आई शेवंता, करंजवडीची. काळ्या रानाचा एक लांबट तुकडा, त्यात दरसाल शाळू. रब्बीच्या ज्वारीला तिकडे शाळूच म्हणतात. बियाणं घरचं, सासूच्या सासूपासून चालत आलेलं, राखेत घोळून कणगीत ठेवलेलं. कृषी खात्याचा साहेब आला, बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला, दिरांनी समजावलं. शेवंतानं सगळ्यांना चहा पाजला आणि हस्ताची ओल बघून शाळूच पेरला. त्या घरी पेरणीची पहिली मूठ लेकीनं टाकायची रीत. प्रांजल शिकायला पुण्याला गेली तरी तेवढ्या दिवसापुरती येत असे. केंद्रात आल्यापासून ते थांबलं. पाच वर्षांचा करार होता, आणि जगात कुठे ना कुठे कायम कसला तरी हंगाम चालू असल्यामुळे रजेला मुहूर्तच निघत नसे.

इकडून घरी फोन रविवारीच करता येई, आणि तोही चाळणीतून. चाळण म्हणजे फोनच्या वाटेवर बसवलेलं एक यंत्र. पीक, पाऊस, रान, बाजार यांतला कुठलाही शब्द, इकडून असो की तिकडून, ते जागच्या जागी गिळून टाकी. त्या ठिकाणी नुसती शांतता ऐकू येई. फार गिळावं लागलं तर फोनच तुटे, आणि दोन महिने लागत नसे. पाठीमागे शिवार दिसेल म्हणून चित्र कायमचं बंद.

पहिल्या महिन्यात चाळणीला शाळू हा शब्द ठाऊक नव्हता. मायलेकींनी तेवढ्यात भरपूर बोलून घेतलं. मग चाळण शिकली. शेवंता म्हणाली, "बाई पोटुशी हाय गं." चाळणीला वाटलं, शेजारची कुणी बाई. पुढच्या वेळेपर्यंत तिला कणीस पोटात धरलेली ज्वारीही कळली. यंत्राला शिकवायला शेवंताएवढी गुणी मास्तरीण जगात दुसरी मिळाली नसती.

एकदा तिने ओवी म्हटली. जात्यावरची, पण तिनेच जुळवलेली.

काळ्या गं रानामंदी, शाळू आला पोटरीला
लेक गं दूरदेशी, कोण येईल भेटीला

प्रांजलच्या कानाशी पोचलं ते असं: "काळ्या गं ……, …… आला ……, लेक गं दूरदेशी, कोण येईल भेटीला." पहिली ओळ जवळजवळ सगळी गेली. दुसरीत गाळण्यासारखं काही नव्हतं.

"ऐकलंस का गं?"

"ऐकलं, आई."

"मग गप का?"

काय सांगणार? शेवंताच्या तोंडी दुसरी भाषाच नव्हती. सुख सांगायचं तर ओल धरलीय म्हणून, दुखणं सांगायचं तर कणसात दाणा भरला नाही म्हणून. चाळणीतून खाली पडायचं ते "हं", "अगं", "मग काय तर", आणि खोकला.

आवाजाची गोष्ट दुसऱ्या वर्षी निघाली. आपल्या मुलखाच्या माणसाचा आवाज असला की लोक जास्त विश्वास ठेवतात, असं केंद्राला आढळलं. मग जिथली तिथली माणसं निवडून त्यांच्याकडून दिवसचे दिवस वाचून घेतलं. हसून, दमून, हळू, ठसक्यात. त्यातून यंत्रानं आवाज विणला. तेव्हापासून महाराष्ट्रभर दर महिन्याला मोबाईलवर प्रांजल बोलू लागली. "नमस्कार, मी प्रांजल. यंदाच्या रब्बीचा अंदाज ऐकूया." खरी प्रांजल तेव्हा खोलीत पाव खात बसलेली असे. प्रसारण चाळणीतून जात नसे, कारण ते जाहीर झालेलंच असे.

त्यानंतर शेवंताचे फोन आखूड होत गेले. प्रांजलला वाटलं, आईचं वय होतंय.

तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरचा अंदाज असा होता, की बाहेरच्या देशांत ज्वारीला गिऱ्हाईक उरलेलं नाही, हरभऱ्याला मात्र वाव आहे. अंदाज जाहीर झाल्यावर थोड्या दिवसांनी नेताजीचा फोन आला. नेताजी म्हणजे तिच्या चुलत्याचा मुलगा, गावात ट्रॅक्टर चालवायचा. चाळणीला चकवायची त्याला मोठी हौस.

"ताई, सांभाळून बोलतो हां. ऐक. काकी बिघडलीय."

"आजारी आहे?"

"छ्या. धडधाकट हाय. मला काल म्हणती, नेताजी, औंदा …… आण. मी म्हटलं, काकी, तू? तुझं ते दरसालचं? तर म्हणती, ते आता दळून खायाचं."

"काय दळून खायचं?"

"अगं, ते! आता कसं सांगू…… हे बघ, गिळलं. थांब. तुझ्या आज्जीच्या आज्जीनं जे राखलं, सासूनं सुनेच्या वटीत घातलं, ते! मंगळवारी गिरणीत जायचंय. माझ्याच टेम्पोतनं."

प्रांजल खुर्चीवरून उठली. "कुणी सांगितलं तिला असं करायला?"

"तूच की."

"मी?"

"दर महिन्याला सांगतीस न्हवं का. आन् हे आजचं न्हाई. गेल्या साली तिनं तुझा त्यो आवाज लावून मोबाईल ……च्या डब्यावर धरला. पैली मूठ लेकीची, म्हणाली. मला हसू आलं, मग हसू थांबलं माझं."

"नेताजी, तिला सांग, ते यंत्र आहे. मी नाही बोलत ते."

"सांगून दमलो, ताई." तो जरा घुटमळला. "ती म्हणती, मशीन ते फोनवालं हाय. मधी मधी बंद पडतंय, अडखळतंय, इचारलं तर गप बसतंय. माझी लेक कवा अडखळली न्हाई, म्हणती. ती महिन्याला बोलती ती खरी. सलग बोलती. तू फोन केलास की काकी मला म्हणती, आला बघ कंपनीचा फोन."

प्रांजलनं फोन ठेवला आणि खिडकीशी उभी राहिली. बाहेर वारा दगडांवरून लोळत होता. आपण इतकी वर्षं रविवारची वाट बघत होतो आणि पलीकडे आई कंपनीच्या माणसाशी बोलावं तसं आपल्याशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख मार्गिटकडे गेली. मार्गिट पन्नाशीची, मायाळू, टेबलावर कायम लोकरीचं विणकाम.

"माझा आवाज काढून घ्या," प्रांजल म्हणाली.

"का गं? लोक इतकं ऐकतायत! तुझ्या पट्ट्यात तर सगळ्यात जास्त."

"तेच सांगतेय. अढळ ऐकायला लागलेत. सप्टेंबरचा अंदाज आपण त्यांच्या जिवावर बांधला. हे तरी ज्वारी पेरतीलच, असं धरून बाकीच्यांना हरभरा सुचवला. आता सगळेच हरभरा पेरणार. तो अंदाज माझ्या आईच्या हट्टावर उभा होता, मार्गिट. आणि तो हट्ट माझ्याच आवाजानं मोडलाय."

मार्गिटनं सुया खाली ठेवल्या. तिला कळलं होतं, पण वेगळंच. "मग पुढच्या वेळी अढळांचा वाटा कमी धरू. यंत्र शिकेल. आवाजाचं म्हणशील तर करार संपेपर्यंत तो केंद्राचा आहे. तुला माहीत आहे ते." आणि हळूच, "मला वाईट वाटतं."

जेवणघरात चिसोमो भेटला. मलावीचा, तुरीचा जाणकार, उंच आणि मंद हसणारा. त्याचाही आवाज घेतलेला. प्रांजलनं त्याला सगळं सांगितलं. तो कितीतरी वेळ सूप ढवळत राहिला.

"माझी आई तर मला फोनवर नमस्कार करून लगेच ठेवते," तो म्हणाला. "सुरुवातीला मी भांडलो. मग सोडून दिलं. तो दुसरा चिसोमो वेळेवर येतो, चांगलं बोलतो, तिला एकटं वाटू देत नाही. मी तिला काय देत होतो? शांततेचे तुकडे."

"आणि तुला?"

"मला काय?"

"तुला एकटं वाटत नाही?"

त्यानं सूप संपवलं, भांडं उचललं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

मंगळवारच्या आधी एकच रविवार होता. शनिवारभर प्रांजल आठवत बसली. आपण आपणच आहोत हे आईला पटवायचं, आणि तेही पीक-पाण्याचा एक शब्द न उच्चारता. नाहीतर फोन तुटला, की दोन महिने गप्प. मग मंगळवार काही थांबत नव्हता.

आणि एकेक आठवण काढावी तर तिच्यात रान निघे. सात वर्षांची असताना हरवली, ती कुठे सापडली? उभ्या शाळूत. ताप आला तेव्हा आईनं कशावर निजवलं? कडब्याच्या पेंढ्यांवर. पहिली पाळी आली तेव्हा कुठे होतो? खळ्यावर. आईची मांडी, तिच्या लुगड्याचा वास, तिची हाक, सगळ्याला माती चिकटलेली. माती झटकली तर हातात काही राहत नव्हतं. आपलं सगळं बालपण चाळणीच्या वरच अडकतंय, हे बघून तिला भीती वाटली.

रविवारी दुपारी, करंजवडीत संध्याकाळ होत असताना, तिने फोन लावला.

"हॅलो. कोण?"

"आई, मी आहे."

"हां, बोला." आवाज आदबीचा, परका.

"आई, अगं मीच आहे. प्रांजल."

"हो हो. बरी हायेस न्हवं, हायसा न्हवं? इकडं सगळं बरं हाय. जेवलासा का तुमी?"

तुमी. "आई, मला तुमी काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? नोकरी करतासा, कंपनीचं काम हाय. माझी लेक मला सांगतीच की सगळं. तुमी कशापायी शिणता?"

"तुला खूण सांगू? माझ्या डाव्या गुडघ्यावर व्रण आहे. लांबडा."

"ते कागदावर असंल की."

"चौथीत भाषणात पहिली आले. तू साखर वाटलीस."

"नेताजीनं सांगितलं आसंल. तोंडाचा लई हलका हाय त्यो."

"आई, तुला आठवतं, मी हरवले होते आणि तू मला ……त शोधलंस, आणि हातात ……" तिचं तिलाच कळलं. ती थांबली.

"बगा," शेवंता म्हणाली, पण रागानं नाही. बिघडलेल्या वस्तूवर करावी तशी कीव होती तिच्या बोलण्यात. "पुन्यांदा अडकलं. बाई, तुमी दमला असाल. ठिवा आता. माझ्या लेकीला लावायचं हाय मला मोबाईलवर, ती बोलली की मला झोप लागती."

आणि प्रांजलच्या आत कुठेतरी, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी फुटलं.

"ठेवू? ठेवू फोन? तुला तेच येतं! माणूस दारात उभं असलं की तुला दार लावता येतं फक्त!"

"काय?"

"मी इकडं यायला निघाले त्या दिवशी! सगळं गाव फाट्यापर्यंत आलं. नेताजी आला, सुंदराआत्या काठी टेकत आली, मास्तर आले. तू आलीस? दार लावून आत बसलीस! मी गाडीच्या मागच्या काचेतनं मान मोडेस्तोवर बघत होते. इतके दिवस झाले, मी विचारलं का तुला? एकदा तरी?"

पलीकडे क्षणभर काहीच नाही. चाळणीनं काही गाळलं नव्हतं. ही शांतता शेवंताची होती.

"दार लावून न्हवते बसले," ती म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "लोटलं होतं. कडी न्हवती घातली!"

"कडी घातली होती. मी ढकलून बघितलं!"

"ढकललं? तू हाक मारलीस फकस्त. ढकललं न्हाईस!"

"ढकललं! दोन्ही हातांनी!"

"खोटं बोलतीस! लहानपणापासनं असंच, आपलं ते खरं करायचं, आईला उलट बोलायचं. तोंड बगा कसं चालतंय! एवढी साता समुद्रापल्याड गेली तरी जीभ काय जागेवर आली न्हाई तुजी!"

"तुझ्यावरच गेलेय!"

"माझ्यावर? मी माझ्या आईला असं बोलले असते तर……" आणि ती मधेच थांबली. हे थांबणंही चाळणीचं नव्हतं. मग अगदी बारीक आवाज आला. "परे?"

या नावानं प्रांजलला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

"हं."

"तू हायेस व्हय गं?"

"मीच आहे. पहिल्यापासून मीच होते."

शेवंता रडत होती की नाक शिंकरत होती ते कळेना. "मला वाटलं, आपून न्हाई गेलो फाट्यावर, तर ती माघारी फिरंल. म्हणून बसले गं. दोन घंटं बसले. गाडीचा आवाज लांब गेला तरी बसले."

प्रांजलनं बाहीनं डोळे पुसले. बोलायला गेली असती तर गाळायला चाळण लागली नसती.

"मग ती कोण?" शेवंतानं विचारलं. "ती महिन्याला बोलती ती?"

"माझा नुसता आवाज आहे तो. बाकी काही नाही तिच्यात. तिचं काही ऐकू नकोस, आई. तिला तू कोण ते माहीत नाही."

"लई गोड बोलती गं." त्यात एक हरवलेपण होतं. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसं. "एकदा पण चिडली न्हाई. किती येळ बसावं तिच्यापशी. घरात माणूस आल्यागत वाटायचं."

"मला माहीत आहे."

"तू न्हाईस येत. ती येती."

प्रांजलनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"जाऊ दे. मंजी मंगळवारी मी काय……" आणि एकाएकी शेवंताच्या जिवात जीव आला. ती भराभर, आनंदानं, पूर्वीसारखी बोलू लागली, आणि प्रांजलच्या कानात नुसती शांतता पडू लागली. "मग मी आता …… …… ……, नेताजीला म्हणते …… …… ……, आन् निम्मं …… ……" मग खट्ट झालं. दोन महिन्यांसाठी फोन तुटला होता.

निम्मं काय? निम्मं राहिलं, की निम्मं गेलं? प्रांजल फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. तो आता लागणार नाही हे ठाऊक असूनही.

ते दिवस असे गेले की ती कामावर बसे, जेवे, समुद्राकडे जाऊन येई, पण यातलं काहीच तिला आठवत नसे. नोव्हेंबरात रब्बीची पानं उपग्रहांना दिसण्याएवढी झाली. पट्ट्याचा नकाशा उघडला. हरभऱ्याचा उजेड शिवारंच्या शिवारं व्यापून पसरलेला. त्यात यंत्राला न उमगलेल्या एका तुकड्यावर खूण लागली होती. यंत्राचा प्रश्न होता, निम्म्यात हरभरा आणि निम्म्यात उशिरा उगवलेली ज्वारी. या शेताला ऐकणारं म्हणावं की अढळ?

तो लांबट तुकडा प्रांजलनं नकाशा न बघताही ओळखला असता.

घरच्या रानाचा निर्णय आपण करायचा नाही, हा नियम होता. तिनं चिसोमोला हाक मारली. "हे माझ्या घरचं आहे. तू ठरव."

चिसोमो पडद्याजवळ वाकला. ज्वारीचा उजेड कोवळा, हरभऱ्याहून निराळा, जमिनीला बिलगलेला. "निम्मं आधीच दळून झालं असावं," तो म्हणाला. "उरलं तेवढं पेरलं." मग त्यानं नोंद केली, अढळ. आणि बराच वेळ तो तिथून हलला नाही.

"तू तिला कसं पटवलंस?" त्यानं विचारलं.

"भांडले."

तो हसला नाही. त्या रविवारी जेवणघरात तो दिसला नाही, आणि त्याच्या खोलीतून मोठमोठ्यानं कुठल्याशा भाषेत कुणालातरी रागवल्याचे आवाज येत होते.

डिसेंबरात फोन सुटला. केंद्रावर दिवस एवढासाच, दुपारीच दिवे लागलेले. या वेळी शेवंतानं स्वतः लावला.

"परे, येळ हाय का भांडायला?"

"आहे."

"मग काढ काहीतरी."

दोघींनी विचार केला. फाट्याचं सगळं भांडून झालं होतं. त्यात रानाचा शब्द यायचा नव्हता, बाजाराचा यायचा नव्हता. मायलेकींत पिकाविना भांडायला किती थोडं असतं ते त्यांना तेव्हा कळलं. शेवटी शेवंताच म्हणाली, "केस कापलेस म्हणं. मागं तूच नेताजीला सांगितलंस न्हवं."

"कापले."

"कुणाला इचारून? कंबरेएवढे होते. तेल घालून घालून माझी बोटं झिजली."

"माझे केस आहेत."

"तुझे? वाढवले कुणी?"

"आई, ती अजून बोलते का?"

"बोलती की. परवाच बोलली. आता ती सुरू झाली की मी वरडते तिच्यावर. गप बस म्हणते, भवाने, तुला काय कळतंय. तरी आपली बोलतच ऱ्हाती, गोड गोड." शेवंता खोकली. "उलट बोलत न्हाई. मग बंद करते. मग घर लई गप होतं."

खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. काचेवर फक्त प्रांजलचा चेहरा होता, कापलेल्या केसांचा. करार संपायला अजून दोन हिवाळे होते.

"वाढवणार नाहीये मी," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं तो मुद्दाम चढवला. "अजून कापणार आहे. पार मानेपर्यंत. काय करशील?"

पलीकडून शेवंतानं खोल श्वास घेतला, पदर खोचून बाई कामाला लागते तसा.

"ये तर इकडं," ती म्हणाली, "मग सांगते काय करीन ते. थांब, चुलीवरचं उतरवून येते. ठिवू नकोस. एका दमात संपायचं न्हाई हे."